ईस्टरच्या आधीच्या दिवसांत ख्रिस्ती माणसानं प्रामाणिक आत्मपरीक्षण कसं करावं? रोज डायरी लिहिल्याचा उपयोग होतो का?

आमच्या खानापूर भागात डायरी फारसं कोण लिहीत नाही. उपास मात्र सगळे करतात, आणि माझं दुखणं तिथंच आहे.

माझ्या थोरल्या भावाचं भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवसापासून, मटण बंद, चहा बंद. पाव्हण्यांकडं गेला तरी कप उपडा घालतो आणि का घातला ते सांगतो. मंडळीच्या कमिटीवर आहे. गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एका वर्षी पहिला उद्गार त्याच्याकडं आला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर'. बोलला झकास. बायकांनी डोळ्याला पदर लावले. त्याच बायकांत आमची अक्का पांढरी साडी नेसून बसली होती, नंदगडहून आदल्या रात्री शेवटच्या बसनं आलेली.

वडील गेल्यावर घर आणि रस्त्याकडचा तुकडा दादाच्या नावावर लागावा म्हणून अक्कानं हक्कसोडपत्रावर सही केली. 'तुझं तुला देतो की, कुठं पळून जातोय का मी?' हे दादाचं वाक्य. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी. म्हणजे अक्का काय भीक मागत नव्हती. माझ्याकडं आलेल्या शेतातलं तिचं मी चुकतं केलंय, हे इथं सांगून ठेवतो.

भक्ती सुटल्यावर पायरीवर चपला शोधताना मी दादाला विचारलं, 'अक्काचं काय केलास?' तो चारचौघांत म्हणाला, 'आत्मपरीक्षण ज्याचं त्यानं करायचं असतंय. आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ.' लोक हसले. तेव्हा मी गप्प बसलो, कारण अक्कानं माझा हात धरला होता.

पण बायबलात मत्तयच्या सातव्या अध्यायातलं ते वचन मुसळावर संपत नाही. मुसळ काढलंस की भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं पुढं आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. पाचव्या अध्यायात तर दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये असं स्पष्ट आहे. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदारानं चहा सोडला नाही, लुबाडलेल्याच्या चौपट परत देतो म्हणाला. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात लुबाडलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय.

म्हणून तुम्ही डायरी लिहिणार असाल तर विशेषणं लिहू नका. 'मी गर्विष्ठ आहे, माझा विश्वास कमी पडतो' हे लिहायला बरं वाटतं, त्यात कुणाचं काही द्यावं लागत नाही. माणसाचं नाव लिहा, काय केलं ते लिहा, पैशाचं असेल तर आकडा लिहा. पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ आणि देवाला मन पारखायला सांगणारं स्तोत्र १३९ तुम्ही वाचत असणारच. कॅम्पातल्या कॅथलिक शेजाऱ्यांचं मला एक पटतं: पापनिवेदनात निदान दुसऱ्या माणसाच्या कानावर घालावं लागतं, आणि लुबाडलेलं परत कर असं फादर सांगू शकतात. आपण प्रॉटेस्टंट डोळे मिटून देवाला सांगतो आणि जेवायला बसतो.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही सांगतो. ज्यांचं मन आधीच स्वतःला खातं त्यांनी यादी करत बसू नये, पाळकांशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय त्यानंच समेटाला धावत जावं असाही याचा अर्थ नाही. अक्काला गेली कित्येक वर्षं 'तूच क्षमा कर' म्हणून सांगणारे पुष्कळ भेटलेत. तिनं क्षमा केलीय. हिशोब वेगळा.

दादा हे वाचत असेल तर अक्काचा नंबर तोच आहे, आणि ती आता फोनपे वापरते.