8 गुणांनी मागे असताना दोनासाठी जायचं का?

अमेरिकन फुटबॉलबद्दलचा तुमचा प्रश्न असा: संघ 14 ने मागे होता, चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये टचडाऊन झाला (चेंडू समोरच्याच्या गोल रेषेपार नेला, 6 गुण), फरक 8 वर आला. टचडाऊननंतर एक जादा संधी मिळते: खांबांमधून किक मारली तर 1 गुण, चेंडू पुन्हा रेषेपार नेला तर 2. आता साधी किक मारून 7 करायचे, पुढच्या टचडाऊनला बरोबरी साधायची. इतकं सरळ असताना कोच दोन गुणांसाठी का गेला? डाव फसला, म्हणून तुम्हाला तो वेडेपणा वाटला. मला मात्र कोचचं पटलं.

शंभर सामने धरा. समोरच्याला आता गुण मिळत नाहीत आणि आपण आणखी एक टचडाऊन करतो, असं समजू. नाहीतर कसंही खेळलो तरी हरणारच. दोन्ही वेळा किक मारली तर शंभरही सामने ओव्हरटाइमला जातात, त्यातले साधारण 50 आपले. आता पहिल्याच टचडाऊनला दोनासाठी जाऊन बघा. ढोबळमानाने निम्म्या वेळा जमतं. त्या 50 सामन्यांत फरक 6 वर येतो. पुढचा टचडाऊन, साधी किक, आणि सामना जिंकला. उरलेल्या 50 मध्ये दुसऱ्या टचडाऊननंतर पुन्हा दोनासाठी जायचं. 25 वेळा बरोबरी, 25 वेळा हार. बरोबरीतले निम्मे आपले धरले तरी एकूण 62 भरतात. दोनाचा डाव शंभरात 40 वेळाच जमत असला तरी पारडं इकडेच झुकतं.

गोम आहे ती क्रमात. आधी प्रयत्न केला आणि चुकलो, तर भरून काढायला दुसरा टचडाऊन शिल्लक असतो. शेवटच्या टचडाऊनपर्यंत थांबलात तर ती सोय गेली.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, 2015 पासून या किकसाठी चेंडू गोल रेषेपासून 15 यार्डांवर ठेवतात. खांब रेषेच्या मागे असतात आणि किकही थोडं मागून मारतात, म्हणून ती 33 यार्डांची होते. पूर्वी ती चुकणं ही बातमी असायची, आता शंभरात पाच-सहा चुकतात. दोनासाठी चेंडू 2 यार्डांवरच. त्यामुळे सरासरीत दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच पडतात. म्हणून सरासरी सोडा, मिळणाऱ्या गुणाने फरकाचं काय होतं ते बघा. 5 ने मागे असाल तर 4 करून फारसं काही साधत नाही, 3 केले तर फील्ड गोलने (खेळ चालू असताना खांबांमधून मारलेली किक, 3 गुण) बरोबरी होते. 1 ने पुढे असाल तर 2 ने पुढे जाऊनही फील्ड गोल तुम्हाला हरवतोच. 3 ने पुढे असाल तर तो फक्त बरोबरी करतो. पहिल्या हाफमध्ये मी या हिशेबाला फारसं महत्त्व देत नाही, तोवर फरक दहादा बदलतो.

फेब्रुवारी 2004 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठवा. पेट्रियट्स 21-10 ने पुढे. कॅरोलायना पँथर्सने टचडाऊन करून 21-16 केलं, दोनासाठी गेले, फसले. मग पँथर्सच्याच मुहसिन मुहम्मदचा 85 यार्डांचा टचडाऊन, 22-21. पुन्हा दोनासाठी, पुन्हा फसले. अखेर 32-29 ने हरले. दोन्ही वेळा किक मारली असती तर, असं आजही लोक म्हणतात. पण 5 ने मागे आणि 1 ने पुढे, या वर सांगितलेल्याच दोन जागा. पँथर्सचे कोच जॉन फॉक्स यांचे दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. डाव जमले नाहीत, ही वेगळी गोष्ट.

आणि एक प्रसंग असा की तिथे कागदावरचं गणित पुरत नाही. 2 जानेवारी 1984, ऑरेंज बोल हा कॉलेज संघांचा सामना. मोसमात एकही सामना न हरलेला नेब्रास्का टचडाऊन करूनही मायामीविरुद्ध 31-30 ने मागे, 48 सेकंद बाकी. कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा ओव्हरटाइम नव्हता. किक मारली असती तर बरोबरी, आणि बरोबरीवरही राष्ट्रीय अजिंक्यपद जवळजवळ हातात. नेब्रास्काचे कोच टॉम ऑस्बोर्न दोनासाठी, म्हणजे जिंकायला गेले. नेब्रास्काच्या टर्नर गिलने उजवीकडे पळत चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅलहूनचा हात त्याला निसटता लागला आणि पास फसला. मायामी विजेते ठरले. तो पास मी कितीदा तरी पाहिलाय, आणि दर वेळी वाटतं की ऑस्बोर्नच्या जागी मीही किकरला बाकावरच बसवलं असतं.