वाचकांचे प्रश्न : सवलतीतले विंडोज आणि घरी जोडलेला संगणक

प्रश्न : मुलाने अमरावतीहून सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. विंडोजचा परवाना घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन भाव सांगितले : ‘ओईएम’ स्वस्त आणि ‘रिटेल’ महाग. आतली प्रणाली एकच असेल, तर जास्त पैसे कशासाठी द्यायचे? (एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : प्रणाली एकच असते, हे आपले म्हणणे बरोबर आहे, किमतीतला फरक आहे तो सोबत मिळणाऱ्या हक्कांचा. ओईएम परवाना मुळात संगणक जोडून विकणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहे. तो ज्या संगणकावर पहिल्यांदा बसवला जातो त्याच संगणकाशी बांधला जातो, आणि त्या संगणकाबाबत ग्राहकाला साहाय्य देण्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्टवर न राहता जोडणाऱ्यावर येते. रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून आपल्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. अट एवढीच की एका वेळी तो एकाच ठिकाणी असावा.

हा फरक सगळ्यांत जास्त जाणवतो तो मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, बदलताना. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात विजा कडाडल्या, की दुरुस्तीच्या दुकानांत जळालेल्या बोर्डांची रांग लागते, म्हणून हा नियम नीट समजून घ्यावा. रॅम, हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्याने ओईएम परवान्याला धक्का लागत नाही. बोर्ड बिघडला म्हणून बदलावा लागला, तरीही परवाना टिकतो; पण बोर्ड सुस्थितीत असताना केवळ अधिक वेगवान प्रोसेसर बसवण्यासाठी तो बदलला, तर नियमाच्या दृष्टीने तो नवा संगणक ठरतो आणि जुना परवाना त्यावर चालत नाही. त्यामुळे बोर्ड जळाल्यास दुरुस्तीवाल्याकडून तसे लिहिलेली पावती अवश्य घ्यावी. शिवाय बोर्ड बदलण्याआधीच विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवलेले असेल, तर नंतर पुन्हा सक्रिय करणे सोपे जाते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आहे.

स्वतःसाठी स्वतःच संगणक जोडणाऱ्याने ओईएम परवाना वापरावा की नाही, याबाबतचा नियम आवृत्तीगणिक बदलत आला आहे. विंडोज ७ च्या काळात हा परवाना दुसऱ्याला विकायच्या संगणकासाठीच होता. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत घरगुती जोडणी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. आमचा सल्ला असा की, मुलगा दर दोन-तीन वर्षांनी भाग बदलणार असेल तर रिटेलच घ्यावे. एकदा जोडलेला संगणक तसाच वापरायचा असेल, तर दुकानदाराकडूनच जोडून घेऊन यंत्र आणि ओईएम परवाना एकाच जीएसटी बिलावर लिहून घेणे स्वस्तही पडते आणि नियमातही बसते.

प्रश्न : इंटरनेटवर चार-पाचशे रुपयांत विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीची ‘की’ (विंडोज सक्रिय करण्याचा सांकेतिक क्रमांक) मिळते. मित्राने घेतली, ती चालू झाली आणि वर्षभर काही अडचण आली नाही. मग ती अधिकृतच समजायची ना? (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही. की चालू झाली, याचा अर्थ मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने तो क्रमांक स्वीकारला, इतकाच. तो क्रमांक विकण्याचा हक्क विकणाऱ्याला होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. अशा कीपैकी अनेक एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या सामूहिक करारातून बाहेर पडलेल्या असतात. त्यांना सुटे विकण्याची परवानगी नसते, आणि गैरवापर लक्षात आल्यावर त्या केव्हाही बंद केल्या जातात. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : सामूहिक करारातले डेस्कटॉप विंडोज हे केवळ ‘अपग्रेड’ असते, म्हणजे त्या यंत्रावर आधीपासून पात्र परवाना असावा लागतो. सुटे भाग जोडून केलेल्या कोऱ्या संगणकावर असा मूळ परवाना नसतोच, त्यामुळे की खरी असली तरी तेवढ्याने भागत नाही.

आपल्या संगणकावर कोणत्या प्रकारचा परवाना आहे, हे पाहण्यासाठी ‘रन’च्या चौकटीत (विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबल्यावर ती उघडते) इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर’ लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ (/) आणि ‘डीएलआय’ असे टाइप करावे. उघडणाऱ्या चौकटीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. घरच्या संगणकावर ‘व्हॉल्यूम’, म्हणजे सामूहिक करारातला परवाना, दिसले, तर ती की कुठून आली हे विकणाऱ्याला विचारावे. उत्तर बहुधा मिळणार नाही.

कायद्याचेही पाहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. सेतू केंद्र किंवा झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्याला ही सूट लागू होणे कठीण, हे वेगळे सांगायला नको. अशा दुकानाला विंडोजची ‘होम’ आवृत्तीदेखील चालते, त्याच्या व्यावसायिक वापराला मनाई नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीला मात्र ती आहे.

प्रश्न : बंद पडलेल्या जुन्या संगणकावर विंडोज ७ चा स्टिकर आहे. त्यावरची की नव्या संगणकाला लावून विंडोज ११ फुकट घेता येईल का? (एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : येणार नाही. स्टिकरवरचा परवाना सहसा ओईएम असतो आणि तो त्या यंत्राबरोबरच संपतो. विंडोज १० वर मोफत अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली होती. त्यानंतरही काही वर्षे जुन्या की स्वीकारल्या जात, पण सप्टेंबर २०२३ मध्ये तीही वाट बंद झाली. नुसते स्टिकर विकणारे भेटले, तर त्यांच्याकडूनही काही घेऊ नये. स्टिकर म्हणजे परवाना नव्हे.

प्रश्न : परवान्यावर पैसे न घालता घरच्या संगणकाचे काम भागेल का? (एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : मुलांचा अभ्यास, युनिकोड मराठी लेखन आणि ब्राउझरमधून सातबारा पाहणे एवढेच काम असेल, तर उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स प्रणाली विनामूल्य आणि पूर्णपणे कायदेशीर आहे. अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन किंवा जुने प्रिंटर जोडायचे असतील, तर त्या उपकरणाचे लिनक्ससाठी ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे प्रोग्रॅम) मिळतात का, हे प्रणाली टाकण्याआधी उत्पादकाकडे विचारून घ्यावे.