सह्याद्रीत सरपटणारे प्राणी पाहायला निघताना

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

मेअखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत तू कोयनेच्या जंगलात आणि आसपासच्या पठारांवर काम करणार, हे वाचून फार आनंद झाला. तिथे साप किंवा सरडा अवचित समोर आला आणि तरीही तो पळाला नाही, तर तो का पळत नाही याचा विचार आधी कर, असे मी तुला आग्रहाने सांगतो.

ओढ्याकाठी झुडपात बसलेला मलबारी चापडा पळत नाही, कारण त्याची सारी भिस्त निश्चल राहून न दिसण्यावर असते. तो हिरवाच असतो असे धरून चालू नकोस. याच जातीचे तपकिरी आणि पिवळसर सापही आढळतात, आणि शेवाळलेल्या खोडावर ते बेमालूम मिसळून जातात. साप विषारी आहे, म्हणून फांदी हाताने सारण्यापूर्वी ती नीट न्याहाळ.

खापरखवल्याचे निराळे. पावसात वाटेवर आलेल्या या लहानशा सापाचे शेपूट तिरपे कापल्यासारखे, खरखरीत आणि बहुधा मातीने माखलेले दिसते. टोकदार डोक्याने माती भेदून गांडुळे खाणारा हा जीव जमिनीवर मात्र संथ असतो. तो बिनविषारी असूनही लोक भीतीने त्याला ठेचतात, याचे मला मनापासून दुःख होते.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाआधी नर सरडे दगडावर चढून गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडताना दिसतील. ही जात २०१६ साली स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. पठारावर जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी, सरडे जास्त, आणि तेही माणसाला अधिक जवळ येऊ देणारे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे सरडा जवळ येऊ देतो म्हणून तो माणसाळला असे वहीत लिहू नकोस. किती अंतरावर पळाला ते लिही, आणि वर घिरट्या घालणारे पक्षी होते की नाही, तेही लिही.

पठारावरचे दगड उलथू नकोस. त्यांच्याखाली फुरसे असू शकते, आणि एकदा हललेल्या दगडाखालचा ओलावा पूर्ववत होणे कठीण असते. दुर्मीळ काही दिसले तर नेमकी जागा वनखात्याला कळव, समाजमाध्यमांवर मात्र टाकू नकोस.

तुझा हितचिंतक