गाऱ्हाणं रोज, कौल वर्षातून एकदा

नवरा घरातून निघून गेला, त्याला चार वर्षं झाली. भांडण नाही, चिठ्ठी नाही, मृतदेहही नाही. सिंधुदुर्गातल्या या बाईंचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अनेकांच्या तोंडी असतो: "देवावर भरवसा आहे, मग झोप का लागत नाही? माझी श्रद्धाच कमी पडते का?"

श्रद्धा कमी नव्हती. त्रास कौलाचा होता, म्हणजे देवाकडून हो-नाहीचं उत्तर मागण्याचा. दर सोमवारी गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायचा. उजवी आधी पडली की नवरा येणार, डावी पडली की नाही, मग पुढच्या वाडीतल्या देवळात पुन्हा कौल. समुपदेशनात आम्ही त्यांना वहीत तीन आकडे लिहायला सांगितले: कौलाआधीची घालमेल, त्याच रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची, शून्य ते दहामध्ये. उजव्या कौलानंतर रात्री आकडा उतरायचा आणि सकाळी पुन्हा होता तिथेच यायचा. खात्री जितकी मागावी तितकी शंका वाढते, कारण बिनउत्तराचा एकही दिवस काढायची सवय मनाला लागत नाही.

कौल एकदम बंद केला नाही. आधी महिन्यातून एकदा, मग फक्त जत्रेला. पहिले काही आठवडे घालमेल वाढते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. इथेच सासूबाई परस्पर कौल लावून आल्या आणि सगळं विसकटलं. म्हणून पुढच्या भेटीला घरच्यांनाही बोलावलं.

कौलाच्या जागी गाऱ्हाणं आलं, म्हणजे देवापुढे आपलं म्हणणं बोलून मांडणं. कोकणात ते सगळ्यांना येतं, शिकवावं लागत नाही. दिवेलागणीला दहा मिनिटं, मोठ्याने, तीन गोष्टी: काय झालंय, मला काय वाटतंय, उद्या मी काय करणार. दुसऱ्या गोष्टीत राग आला तरी चालेल. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या घातल्या, त्यांची भक्ती कोणी कमी मानत नाही. तिसरी गोष्ट मात्र आपल्या हातातली हवी. "देवा, तूच बघ" एवढंच आलं तर पुन्हा विचारायचं. "पोलीस ठाण्यात जाऊन तपास कुठवर आला ते विचारेन", "मुलीची फी भरेन", असं काहीतरी.

"देव करतो ते भल्यासाठीच" हे वाक्य अशा बाईला कृपा करून ऐकवू नका. तिला ते गप्प बस असं ऐकू येतं.

नवरा अजून सापडलेला नाही. वटपौर्णिमेला वडाला जायचं की नाही, हे त्या दर वर्षी त्या दिवशीच ठरवतात आणि आता कोणाला कारण सांगत बसत नाहीत. बँकेच्या आणि जमिनीच्या कागदांचं वेगळं आहे. ज्यांना बातमी लागायला हवी, त्यांनाही सात वर्षं काही कळलं नाही, तर कायद्याने माणूस मृत मानता येतो. तोवर तक्रारीची प्रत आणि शोधाची सगळी कागदपत्रं एका फाइलीत जपून ठेवायची.

झोप आणि जेवण दोन आठवडे सुटलं असेल, तर गाऱ्हाण्यावर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.