खरा आकडा लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईने तुझी वही माझ्यापुढे ठेवली. रक्तातल्या साखरेच्या महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवल्यासारख्या. आणि आकडे ११०, १२४, ११८ असे इतके शहाणे, की टाइप १ मधुमेहात ते सलग महिनाभर कोणाचेच टिकत नाहीत. त्याच पानात घडी घातलेल्या रिपोर्टात एचबीए१सी ११.२ होते, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर २७५च्या आसपास. आई रडत होती. तू एवढेच म्हणालीस, "खरे लिहिले की बोलणी बसतात, मग लिहू तरी काय?"

खरा आकडा लिही. ३४० आला तर ३४०. क्लासच्या धावपळीत दुपारचे इन्सुलिनचे इंजेक्शन राहिले असेल, तर "घेतले नाही" असे लिही.

हा नीतिपाठ नाही, हिशेब आहे. डॉक्टर डोस ठरवतात ते तुझ्या नोंदींवरून. तू सगळी इंजेक्शने घेतेस असे धरून चालले आणि तरीही एचबीए१सी चढलेले दिसले, तर ते मात्रा वाढवणार. मग सुट्टीत आईच्या नजरेखाली तोच वाढीव डोस तू चारही वेळा खरोखर घेतलास, तर साखर ७०च्या खाली जाऊन तू थरथरत, घामाघूम होऊन बसशील. तो डोस तुझ्यासाठी ठरलेलाच नसतो, वहीतल्या त्या शहाण्या मुलीसाठी ठरलेला असतो.

शिवाय चढलेला प्रत्येक आकडा हा तुझा गुन्हा नव्हे. वयात येताना शरीरात वाढीचे संप्रेरक इन्सुलिनला विरोध करते, त्यामुळे दहाव्या वर्षी पुरणारी मात्रा पंधराव्या वर्षी पुरत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ज्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही तशीच काटेकोर उपचारपद्धती असून किशोरवयीनांची साखर प्रौढांपेक्षा चढीच राहिली होती. हे तुला कोणी सांगितले नसेल, तर ती चूक न सांगणाऱ्यांची आहे.

आमच्या लहानपणी घरात मीटर नव्हते. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचे आणि रंग पाहायचा: निळाच राहिला तर सुटलो, नाहीतर हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी आला की घरात कोणी कोणाशी बोलत नसे. तो रंगसुद्धा काही तासांपूर्वीची हकीकत सांगायचा. तुला बोटाच्या एका थेंबावर या क्षणाची साखर कळते आणि तू ती बाजूला सारून ११८ लिहितेस, याचा मला राग येतो. येतोच; तुझ्यापासून कशाला लपवू?

घरचे मला हट्टी म्हणतात. पंगतीला बसण्याआधी मी आकडा मोठ्याने सांगते. लग्न ठरवताना पहिल्याच भेटीत आजार सांगितला म्हणून काही स्थळे परत गेली, आणि माझी मोठी जाऊ आजही म्हणते की हिला सगळे जगजाहीर करायची हौसच आहे. हौस नव्हे. ज्या घरात आकडा लपवावा लागतो, तिथे इन्सुलिनही लपूनच घ्यावे लागते, आणि लपून घ्यायचे औषध हमखास चुकते. हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. खंत आहे ती एवढीच, की "आकड्यावर रागावू नका, डोस बदलून द्या" असे डॉक्टरांना तोंडावर म्हणण्याचे धैर्य मला फार उशिरा आले. तू ते आताच म्हण.

एका बाबतीत मात्र मी काही ऐकून घेणार नाही. साखर चढलेली असताना उलट्या होऊ लागल्या, पोट दुखू लागले, श्वास जोरजोरात चालू लागला, तर किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्ले, वाढले असे समजून थेट रुग्णालय गाठायचे. जेवण जात नाही म्हणून दीर्घकाळ परिणाम टिकणारे इन्सुलिन बंद करायचे नाही. आणि किती डोस चुकले ते तिथे खरे सांगायचे, आई शेजारी उभी असली तरी.

पुढच्या तपासणीला वही घरी ठेव आणि मीटर ने. त्याच्या स्मरणात तारीख-वेळेसह सगळे असते. आईशी मी रविवारी बोलणार आहे. तिने आकडा विचारायचा, पण ऐकल्यावर जेवण होईपर्यंत त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, असे तिच्याकडून कबूल करून घेते. तिने शब्द मोडला तर मला फोन कर.

तुझी,
मावशी