दिवाळी आली की चॅनल का थांबतं?

प्रश्न : काकू, मी नागपुरात मानेवाड्याला राहते. घरीच ब्लाउज शिवते आणि शिवणकामाचे व्हिडिओ टाकते. दीड वर्षात 58 व्हिडिओ झाले, 640 सबस्क्रायबर आहेत. पण सातत्य काही राहत नाही. कधी आठवड्यात तीन टाकते, कधी दीड-दोन महिने एकही नाही. मग परत कॅमेऱ्यासमोर यायची लाज वाटते. रोज टाकलं नाही तर यूट्यूब मागे टाकतं, असं सगळे म्हणतात. शूटिंग, एडिटिंग, सगळं एकटीच करते. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझं चॅनल उघडून बसले. व्हिडिओंच्या तारखा कागदावर उतरवल्या. दीड वर्षात तू तीनदा थांबलीस. एकदा दिवाळीच्या आधी, मग एप्रिल-मेच्या लग्नसराईत आणि परत नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे घरात ब्लाउजांचा ढीग पडतो, नेमकी तेव्हाच. तू याला सातत्य नसणं म्हणतेस. मला तर यात सातत्यच दिसतं, फक्त ते शिलाईच्या हंगामाचं आहे. आणि हंगाम काही अचानक येत नाही, तो कालनिर्णयावर आधीच छापलेला असतो.

मी नागपुरातच महाल भागात राहते. आठ वर्षं झाली वऱ्हाडी स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, मीसुद्धा एकटीच. 2020च्या लॉकडाउनमध्ये मी रोज एक व्हिडिओ टाकायचं ठरवलं आणि 41 दिवस टाकलेही. बेचाळिसाव्या दिवशी पुडाच्या वड्या तळून कढई उतरवली आणि कंबर अशी धरली की ओट्याला टेकून खालीच बसले. मग चार महिने काहीच झालं नाही. तुला वाटते तशीच लाज मलाही वाटायची. परत आले तेव्हा व्हिडिओची पहिली सहा मिनिटं नुसती माफी मागितली, कंबर, घरचं, सगळं सांगितलं. त्याखाली अमरावतीच्या एका बाईंनी लिहिलं, 'काकू, सांडग्यांत कोहळं किती घालायचं?' एवढंच. कुठे होतात, असं कोणीच विचारलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं होतं. पण त्या बाईंची डाळ भिजलेली असणार, त्यांना कोहळ्याचं माप हवं होतं आणि ते मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून कितीही दिवसांनी आले तरी पहिलं वाक्य पदार्थाचंच बोलते. तूही माफी मागत बसू नकोस. 'आज मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचं, माप बघू' म्हण आणि कापड पसर.

आता रोजचं. यूट्यूबच्या अटीच बघ. पार्टनर प्रोग्रामच्या, म्हणजे कमाईच्या योजनेच्या, पहिल्या पायरीला 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत 3 सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले 3000 तास लागतात. जाहिरातींचे पैसे हवे असतील तर 1000 सबस्क्रायबर आणि 4000 तास. (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा असतो.) रोज टाका, असं कुठेच नाही. पैसे सुरू झाल्यावर सहा महिने काहीच टाकलं नाही तर ते बंद होऊ शकतात, एवढं लक्षात ठेव. तुझे 500 केव्हाच पार झाले. तुला तास हवेत, आणि लोक शेवटपर्यंत बघत बसतील असा कटोरी ब्लाउजचा एक व्हिडिओ घाईघाईच्या सातांपेक्षा जास्त तास देतो.

म्हणून एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी एक व्हिडिओ, यापेक्षा जास्त ठरवू नकोस. हंगामात दोन शनिवार रात्री बारापर्यंत मशीनवर बसून, तापलेलं पोरगं सांभाळून जेवढं झेपेल, तेवढंच कबूल करायचं. आषाढात लग्नं फारशी नसतात, हात जरा मोकळा असतो. तेव्हा चार व्हिडिओ पुरे करून तारीख-वेळ घालून शेड्यूल करून ठेव, दिवाळी निघून जाईल. आपण वैशाखात कुरडया घालतो त्या काही वैशाखात खायला नसतात.

आणि मला खरं सांगायचं आहे ते पुढे आहे. तुझ्या प्रिन्सेस कट ब्लाउजच्या व्हिडिओत तू खडूने मुंढा काढतेस, थांबतेस, टेप परत लावतेस, अंगठ्याने रेघ पुसतेस आणि अर्धा इंच आत नवी काढतेस. बोलत काहीच नाहीस. जेमतेम 40 सेकंद. खाली आलेले निम्मे प्रश्न त्या अर्ध्या इंचाचेच आहेत! बाही का ओढते, रेघ आत का घेतली. अगं, तोच तर पूर्ण व्हिडिओ आहे. दिवाळीच्या गर्दीत कटिंगच्या टेबलावर मोबाइल अडकवून ठेव. शंभर ब्लाउज कापशील तेव्हा अशा दहा जागा सापडतील. गिऱ्हाइकाचं नाव नको, तोंड नको, तुझे हात आणि कापड पुरे. सुरुवातीचं ते संगीत आणि फिरणारं नाव काढून टाक, त्यातच तुझा एडिटिंगचा तासभर जातो.

थांबशील तेव्हा कालनिर्णयावर त्या तारखेला कारण लिही. अस्तर आणायला गांधीबागेच्या बाजारात दोन चकरा, सासूबाईंचा दवाखाना, जे असेल ते. माझ्या भिंतीवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी काट आहे. त्या दिवशी तान्हा पोळा, आणि मारबतीच्या मिरवणुकीने आमच्या गल्लीत शब्द ऐकू येत नाही. मी तो दिवस धरतच नाही.

प्रश्न : मी काटोलला शिक्षक आहे, दहावीच्या गणिताचे व्हिडिओ करतो. मे महिन्यात कूलरचा आवाज येतो, बंद केला तर बसवत नाही. उन्हाळाभर काम बंद पडतं.

उत्तर : सर, चित्र आणि आवाज वेगळे करा. दिवसा कूलर लावून फळ्यावरची गणितं सोडवून घ्या, हातच दिसू द्या. आवाज पहाटे पाचच्या आत भरा, नंतर कोकीळ थांबत नाहीत. भिंतीशी दोन गोधड्या टांगा, घुमत नाही. पंखाही बंद ठेवावा लागतो, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. गच्चीवर काही दाखवायचं असेल तर आठच्या आत उरका, नंतर मोबाइल इतका तापतो की कॅमेरा आपोआप बंद पडतो. एका पहाटेत माझ्या चार व्हिडिओंचा आवाज भरून होतो.