शपथ नेत्याची नव्हे, संविधानाची

प्रश्न (परभणी): आमदार शपथ घेताना मध्येच नेत्याचं, महापुरुषाचं नाव घेतात. ती शपथ वैध असते का?

उत्तर: संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचा नमुना शब्दशः दिलेला आहे. सदस्याला त्यात दोनच पर्याय आहेत : ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’. केरळमध्ये एका आमदाराने ईश्वराऐवजी श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. नमुना पूर्ण वाचून पुढे एखादी घोषणा दिली, तर तेवढ्याने शपथ रद्द होत नाही. पण २०२४ च्या लोकसभेत अशा घोषणा फार झाल्या, आणि शपथेच्या मागे-पुढे एकही जादा शब्द नको, असा निर्देश अध्यक्षांना काढावा लागला. मला तो योग्यच वाटतो. आपण मराठवाड्याची माणसं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे एका माणसाची सत्ता होती. २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख झाला, पण आता तोही संविधानाला बांधलेला होता. ज्या भागाने हा बदल लढून मिळवला, तिथल्या आमदाराने निष्ठा वाहताना पुन्हा एखाद्या व्यक्तीचं नाव पुढे करावं, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न (भोकर): शपथ न घेताच सभागृहात बसलं तर?

उत्तर: कलम १९३ प्रमाणे बसल्याच्या किंवा मतदान केल्याच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये दंड होतो आणि तो सरकारी देणं म्हणून वसूल होतो. ही रक्कम १९५० पासून तीच आहे. ती वाढवायला हवी. मात्र शपथ एक दिवस लांबली म्हणून आमदारकी जात नाही. ७ डिसेंबर २०२४ ला विरोधी आमदारांनी मतदान यंत्रांच्या वादावरून शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली. निवडून येणं वेगळं, कामाला बसणं वेगळं.

प्रश्न (लातूर): निवडणूक हरलेला माणूस मंत्रिपदाची शपथ कशी घेतो? हा मतदारांचा अपमान नाही का?

उत्तर: तुमच्याच जिल्ह्यात हे घडलं आहे. २००४ साली शिवराज पाटील चाकूरकर लातूरला लोकसभेत पराभूत झाले आणि त्याच मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्री झाले. कलम ७५ मंत्र्याला संसदेचं सदस्य होण्यासाठी सहा महिने देतं. जुलैमध्ये ते राज्यसभेवर गेले. राज्यासाठी हीच सोय कलम १६४ मध्ये आहे. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याच सभागृहात नव्हते, मे २०२० मध्ये विधान परिषदेवर आले. तुमची नाराजी मला कळते, पण ही पळवाट नाही, मुदत आहे. पंजाबमध्ये एका मंत्र्याने सहा महिने संपत आल्यावर राजीनामा दिला आणि निवडून न येताच पुन्हा शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती नेमणूक घटनाबाह्य ठरवली.

प्रश्न (उमरगा): उपमुख्यमंत्रिपद घटनेत नाही, मग त्याची शपथ कशी चालते?

उत्तर: कायद्याच्या नजरेत ती मंत्र्याचीच शपथ. १९८९ मध्ये देवीलाल यांनी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली होती. ते केवळ वर्णन आहे, अधिकार मंत्र्याचेच राहतात, असं न्यायालयाने तेव्हा मानलं.

प्रश्न (केज): मंत्र्याने शपथ मोडली तर कोर्टात जाता येतं का?

उत्तर: मंत्री दोन शपथा घेतो, पदाची आणि गोपनीयतेची. पहिलीत भय, ममत्व किंवा आकस न ठेवता सगळ्यांना न्याय देण्याचं वचन असतं. पण वचनभंगाला संविधानात थेट शिक्षा नाही, आणि केवळ त्या कारणावरून न्यायालय मंत्र्याला पदावरून दूर करत नाही. काढायचं की नाही, हे मुख्यमंत्री ठरवतात. ज्या कृत्याने शपथ मोडली ते गुन्हा असेल, तर त्याची फिर्याद मात्र तुम्ही जरूर द्या; तिथे मंत्रिपदाची ढाल नसते.